आक्काच्या पेशी

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. हे मी मिरवतो, लपवत नाही. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव दसरा झाला की रिकामं व्हायचं. आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते पाडव्याला परत यायचे. आक्का, माझी थोरली बहीण, चौथी पास झाली त्या वर्षी त्यांच्याबरोबर गेली आणि परत शाळेत बसलीच नाही. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा. तेराव्या वर्षी मुकादमाने आक्काला अर्धा कोयता धरलं. मी त्या वेळी वसतिगृहात होतो, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

पाडव्याला ती यायची तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा असायच्या. आल्या आल्या म्हणायची, "वाच रं बापू तुजा धडा. कानाला बरं वाटतं." मी वाचायचो. ती पाय पसरून ऐकायची आणि मध्येच झोपून जायची.

मी बीएस्सी झालो, बीएड झालो, नगरला शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो, सावेडीत फ्लॅट घेतला. आईवडील गेले. आणि चार वर्षांपूर्वी माझं रक्त तयार व्हायचं बंद झालं. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच आला असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. पण आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

बघू

आजाराच्या तीन वर्षं आधी भाऊबीजेला मी आक्काच्या सासरी गेलो होतो. मी अंगणात पोहोचलो आणि तिच्या नवऱ्याने तिची पत्र्याची पेटी माझ्यासमोर बाहेर फेकली. त्याला दुसरी करून आणायची होती. आक्काला त्याने दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तिला गाडीवर बसवून गावच्या घरी आणून सोडलं.

आक्काने तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला. नवऱ्याने लिहून दिलं की बाई स्वतःच्या मर्जीने पळून गेली. बाकी काय मिळेल न मिळेल, याचं आक्काला फार नव्हतं. ती एकच म्हणायची, "मी पळून आले न्हाई. हाकललं मला. येवढं कागदावर पायजे." आणि ते पाहिलेला साक्षीदार मी एकटा.

एके दिवशी ती माझ्या शाळेत आली. थेट रानातून आली होती. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, डोक्याला फडकं. शिपाई स्टाफरूमच्या दारातून म्हणाला, "सर, तुमच्याकडं कोणतरी बाई आल्यात." शेजारच्या मॅडमनी विचारलं, "कोण हो?"

मी म्हणालो, "गावाकडची ओळखीची बाई आहे."

आक्का शिपायाच्या मागेच उभी होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी तिला घाईघाईने गेटाबाहेर लिंबाखाली नेलं.

"बापू, पंधरा तारखेला पेशी हाय," ती म्हणाली. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. "तू जे बघितलं तेवढंच सांग. दुसरं काय बोलू नगं."

"आक्का, परीक्षा चालू आहेत."

"बरं. मंग फुडच्या पेशीला?"

"बघू."

हे "बघू" मी तीन वर्षं पुरवलं. शाळेच्या माणसाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहणं बरं दिसत नाही, असं मी बायकोला, शुभांगीला, सांगायचो. खरं कारण मला माहीत होतं. तिथे उभं राहून मोठ्याने नाव-गाव सांगावं लागलं असतं आणि ती माझी बहीण आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

पपईचा रस

सुरुवात थकव्याने झाली. जिना चढलो की धाप लागायची. मग दात घासताना रक्त. मग मांडीवर निळे डाग, कुठे आपटल्याचं आठवेना. तपासणी केली तर प्लेटलेट खूप खाली. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत हे सगळेच बोलतात, "पेशी कमी झाल्या." मीही तेच बोललो. खरं तर प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच, तिला केंद्रक नसतं, एका मोठ्या पेशीचा तो तुटलेला तुकडा. हे मला माहीत होतं. विज्ञानाचा शिक्षक ना मी! त्याच जोरावर मी ठरवलं की हा डेंग्यू आहे, आपोआप उतरेल, आणि तीन आठवडे पपईच्या पानांचा रस पीत बसलो. त्या रसाची चव अजून घशात आहे. माझ्यासारखं करू नका. डॉक्टरांनी पुन्हा या म्हटलं तर पुन्हा जा.

त्या दिवसांत आक्काचा फोन आला.

"आक्का, माझ्या पेशी कमी झाल्यात," मी म्हणालो.

"कमी झाल्या? बरं झालं की! माज्या तर वाढतच चालल्यात," ती म्हणाली. "पर तुजी कशाची रं पेशी? तू कुनावर केस केली?"

मी हसलो आणि तिला समजावून न सांगता फोन ठेवला. वर शुभांगीला ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली.

रिपोर्टचा दिवस

शेवटी डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. कंबरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी आधी दार लावलं आणि मगच कागद उघडला. दार लावलं तेव्हाच मला कळलं. हाडांच्या आतली मज्जा, जिथे रक्ताच्या सगळ्या पेशी तयार होतात, ती जवळजवळ सुकली होती. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या शेजारच्याच घरातला आजार. भावाबहिणीच्या मूळपेशी जुळल्या तर बरं होण्याची चांगली आशा.

"भावंडं किती?"

"एक बहीण," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत शुभांगी रिपोर्टची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. सुप्याला गाडी थांबली तेव्हा शुभांगी म्हणाली, "वन्संना तुम्ही फोन करता की मी करू?"

"तू कर."

तेवढंसुद्धा माझ्याच्याने झालं नाही. आक्का दुसऱ्या दिवशी दुपारी सावेडीत दारात उभी. पिशवीत बाजरीचं पीठ आणि नेसायच्या दोन साड्या. "कुठं टोचायचं ते टोचा म्हनावं," एवढंच म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

गेटाबाहेर

तिच्या रक्ताची तपासणी झाली, जुळणी पूर्ण झाली. नर्सने तो कागद दिला तेव्हा शुभांगी बाकावर बसून रडली. आक्काने मला विचारलं, "आता नीट सांग. माज्यातलं काय काढनार?"

पेशीचा धडा ही माझी खासियत. आमच्या जिल्ह्यातली पोरं, म्हणून मी पेशी म्हणजे साखर कारखाना असं शिकवतो. पेशीपटल म्हणजे कारखान्याचं गेट, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवणारं. केंद्रक म्हणजे ऑफिस, सगळे हुकूम तिथून सुटतात. तंतुकणिका म्हणजे बॉयलर, तिथून शक्ती. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे माल इकडून तिकडे नेणारे पट्टे. गॉल्गी संकुल म्हणजे पोती भरून, शिवून, शिक्का मारायची जागा. लयकारिका म्हणजे मोडकंतोडकं विरघळवून टाकणारी साफसफाई. तपासणीला आलेल्या साहेबांनीही या धड्याचं कौतुक केलं होतं. तोच धडा मी आक्काला ऐकवला. कारखाना म्हटल्यावर ती सावरून बसली. ते सगळं तिने कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाडीवर उपाशीपोटी बसून पाहिलेलं.

"आन आमी कुठं त्यात?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणजे?"

"ऊस तोडनारे."

अकरा वर्षं शिकवलं, एकाही पोराने विचारलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी पोरं ऊसतोड्यांची. मी म्हणालो, "तुम्ही... गेटाबाहेर. कच्चा माल आणून देणारे."

"व्हय," ती म्हणाली. "बराबर हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. तरी मला शाळेचं गेट आणि तो लिंब आठवला. पुढचं मी भराभर उरकलं. माझ्या शरीरातल्या राखणदार पेशींनीच माझ्या मज्जेवर हल्ला केला. आता औषधांनी त्या सगळ्यांना काढून टाकायचं. मग तुझ्या मूळपेशी माझ्या नसेत सोडायच्या. त्या आपोआप हाडात जाऊन बसतील आणि नवीन रक्त बनवतील.

"त्यांना वाट कोन दाखवतं?"

"कोणी नाही. त्यांना कळतं."

"शान्या हायत म्हनायच्या," आक्का म्हणाली. "चौथीच्या फुडं शिकलेल्या दिसत्यात."

दात्याचा फॉर्म

खिडकीवरचा क्लार्क फॉर्म भरत होता. नाव झालं, वय झालं. मग त्याने आक्काला विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ त्याला म्हणाली, "वळखीची बाई."

त्याचं पेन थांबलं. "मावशी, ओळखीचं चालत नाही. नातं लागतं."

म्हणजे तिने ऐकलं होतं. तीन वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं, एका शब्दाने बोलली नव्हती.

"थट्टा केली ओ," आक्का म्हणाली. "बहीन हाय. सख्खी. तसं लिवा, मोठ्या अक्षरात."

क्लार्क हसला. शुभांगीही हसली, तिला ठाऊक नव्हतं. मी मास्क वर ओढला.

रांगेतून बाजूला आल्यावर मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ दे. तुजं रगत वाढू दे आधी. मंग भांडू."

काचेची खोली

आक्काला पाच दिवस रोज पोटावर सुई टोचली. त्याने मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात. अंग ठणकायचं, त्याला ती "तोडीचा पहिला आठवडा" म्हणायची. सहाव्या दिवशी मशीनला जोडून पेशी काढल्या. दोन्ही हात सरळ ठेवून पाच तास पडून. पडल्या पडल्या तिने दोनदा नर्सला वेळ विचारली, हे शुभांगीने मला नंतर सांगितलं. कंटाळली असेल, असं आम्ही धरलं.

मी तोवर काचेच्या खोलीत होतो. डोक्यावर केस नाही, तोंडभर फोड, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी. दुपारी पिशवी आली. जेमतेम पाऊण तांब्या मावेल एवढी, पातळ लाल. सलाईनसारखी टांगली. अर्ध्या पाऊण तासात संपलीही. मी त्या पिशवीकडे बघत होतो. तिच्यातल्या प्रत्येक मूळपेशीत एक केंद्रक, आणि त्या केंद्रकात आक्काचे हुकूम. आता माझ्या ऑफिसात तीच बसणार होती.

मग वाट पाहणं. सगळ्यात कठीण तेच, आधीच सांगून ठेवतो. पहाटे रक्त काढायचे, दहाला आकडा यायचा. शून्य. पुन्हा शून्य. ताप चढायचा, थंडी वाजायची, आणि माणूस छताकडे बघत आपले अपराध मोजतो. दुपारची सिस्टर उकडलेल्या बटाट्यावर मीठ भुरभुरून द्यायची, जास्त नाही, चिमूट. एवढ्याशा चिमटीवर मी दिवस ढकलले.

आक्का काचेपलीकडून इंटरकॉमवर बोलायची. फोन उलटा धरायची.

"आल्या का पेशी?"

"नाही अजून."

"येत्याल. चालत निघाल्यात, गाडी न्हाई त्यांच्याकडं."

पडल्या पडल्या मला आठवायचं ते एकच. तांबडी पेशी मोठी होताना आपलं केंद्रक टाकून देते. स्वतःचं काही ठेवत नाही, म्हणजे ओझं वाहायला जागा होते. हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो, खाली रेघ मारून, परीक्षेत येतं म्हणून. वाचणारं पोर बाकावर बसलेलं असतं, आणि त्याची बहीण उसाच्या कुठल्या फडात आहे ते मी कधी विचारलं नाही. माझी कुठल्या फडात होती, तेसुद्धा.

सोळाव्या दिवशी सिस्टरने आकडा काचेवर बोर्डाच्या पेनाने लिहिला. शून्य नव्हता. पलीकडून आक्काने तो बोटाने गिरवला आणि टाळी वाजवली. सिक्युरिटीवाला तिच्यावर ओरडला, "मावशी, दवाखाना आहे." ती त्याला म्हणाली, "तुज्या बापाचा हाय का? माज्या पेशी आल्यात!"

वकिलाचा फोन

घरी आलो. सहा महिने गर्दी नाही, बाहेरचं खाणं नाही, सगळं उकळून. माझा रक्तगट ओ होता, तो हळूहळू बदलून बी झाला, आक्काचा. शाळेच्या ओळखपत्रावर दुरुस्ती करून घेतली. क्लार्क म्हणाला, "सर, असं कुठं असतं का?" मी म्हणालो, "असतं."

एक दिवस आक्काच्या वकिलाचा फोन आला. तिचा मोबाईल बंद असतो म्हणून तिने माझा नंबर दिलेला.

"तुमच्या बहिणीला निरोप द्या. लागोपाठ दोन पेशींना गैरहजर. दुसऱ्या वेळी उलटतपासणी होती. अर्ज काढून टाकलाय कोर्टाने."

मी तारखा विचारल्या. मग फाईल काढली. पहिली तारीख तिच्या रक्ताच्या जुळणीची होती. दुसरी, ती पाच तास मशीनवर पडून होती त्या दिवसाची. तीन वर्षांहून जास्त चालत आलेली केस, एकही पेशी न चुकवलेली बाई. नर्सला दोनदा वेळ का विचारली ते मला तेव्हा कळलं. कोर्टात पुकारा झाला असेल, ती वेळ.

मी फोन केला. "आक्का, बोलली का नाहीस? तारीख पुढे घेता आली असती. डॉक्टरांना सांगितलं असतं."

"तुज्या अंगातलं सगळं रगत मारून ठिवल्यालं. तुला थांब म्हनू?" ती म्हणाली. "आन सांगितलं असतं तर तू काय म्हनला असता? बघू!"

मी फाईल मिटली. मग तीच म्हणाली, "जेवलास का?"

तुमच्यापैकी कोणाला भावाबहिणीकडून पेशी घ्यायच्या असतील तर घाबरू नका. दात्याच्या पेशी पुन्हा भरून येतात, आक्का महिन्याभरात खुरपायला गेली. पण त्याला एक विचारा. त्या दिवशी तुझं काय बुडतंय? मी विचारलं नाही. मी माझे आकडे मोजत होतो.

सख्खा भाऊ

वकील म्हणाले, अर्ज पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घेता येईल, उशीर माफ करून घ्यायचा, गैरहजेरीचं कारण दाखवा. दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडलं. त्यात लिहिलेलं होतं, दाता: सख्खी बहीण. कोर्टाने अर्ज पुन्हा सुनावणीला घेतला.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, बहिणीच्या कोर्टकामासाठी. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचता येईल असा टेबलावर ठेवला. त्याच मॅडमनी विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?" मी म्हणालो, "तुम्ही पाहिलंय तिला. शर्ट घालून आली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

कोर्टात मास्क लावून उभा राहिलो. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, अर्जदाराचे कोण विचारलं.

"सख्खा भाऊ."

पेटी, अंगण, दंड, कडी, जे पाहिलं ते सांगितलं. समोरचे वकील उठले. "मास्तर, एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलं, मग एवढी वर्षं कुठे होतात?"

याचं उत्तर मी घरी तयार केलं होतं. परीक्षा, नोकरी, आजार. आक्का पुढच्या बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"लाज वाटत होती," मी म्हणालो. "बहीण ऊसतोडीला जाते याची."

"आणि आता वाटत नाही?"

"आता वेगळी वाटते."

"म्हणजे रक्ताचं नातं आहे म्हणून तिच्या बाजूने बोलताय."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी "होय" एवढंच म्हणालो. आक्काने पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती की काय, मला तिथून दिसलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "आता भांड. माझं रक्त वाढलंय."

"माजंच हाय ते. माज्याच रगताशी काय भांडू?" तिने बशीत चहा ओतला. "पर इसरले न्हाई मी. येवढं ध्यानात ठिव."

"ठेवतो."

शाळेत पेशीचा धडा मी अजून कारखान्यावरूनच शिकवतो. सुरुवात आता उसाच्या फडापासून करतो.

निकाल या वर्षी लागला. आक्काने तो कोर्टाच्या पायरीवर स्वतः वाचला, बोट ठेवून, अक्षर जोडत. मी शेजारी बसून ऐकत होतो. त्यात लिहिलं आहे की अर्जदार स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेलेली नाही, तिला घराबाहेर काढण्यात आलं. माझ्या पेशी आता पुऱ्या आहेत. आक्काच्या पेशी संपल्या.